धाराशिवमध्ये रोइंगपटू शोधायचा तर

2020 च्या अर्जुन पुरस्कारांच्या यादीत सत्तावीस नावं होती. त्यात धाराशिवची, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादची, खो-खोपटू सारिका काळे होती. शेजारच्या बीड जिल्ह्यातला मल्ल राहुल आवारे होता. आणि नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातला रोइंगपटू दत्तू भोकनळ होता. तिघंही टँकरच्या मुलखातले. पहिल्या दोघांचं कुणाला फारसं नवल वाटलं नाही. खो-खो ही धाराशिवची ओळखच आहे, डॉ. चंद्रजित जाधवांसारख्या प्रशिक्षकांनी तिथं खेळाडूंच्या पिढ्या घडवल्या, आणि जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघातही धाराशिवची अश्विनी शिंदे होती. कुस्ती तर मराठवाड्याच्या मातीतलीच. नवल वाटलं ते तिसऱ्या नावाचं. ज्या गावात उन्हाळ्यात प्यायच्या पाण्याची मारामार, तिथला मुलगा होडी वल्हवून ऑलिंपिकला कसा जातो?

थोडं खोलात गेलं की नवल ओसरतं आणि त्याच्या जागी एक अवघड प्रश्न उभा राहतो. चांदवडला जे घडलं ते धाराशिवला का घडू नये? परंडा, भूम, कळंब, लोहारा, उमरगा या तालुक्यांत उंच, काटक, कष्टाला सरावलेली मुलं-मुली नाहीत असं कुणी म्हणणार नाही. मग त्यांच्यातून रोइंगसाठी निवड करायची तर ती कोणत्या कसोटीवर, कोणत्या वयात, कुणी आणि कुठे करायची?

आधी दत्तूचं प्रकरण नीट पाहू, कारण निवडीचा सगळा धडा त्यात आहे. जन्म 1991 चा, गाव तळेगाव रोही. वडिलांबरोबर विहिरी खणण्याची, दगड फोडण्याची कामं केलेली. 2011 मध्ये वडील गेले, 2012 मध्ये तो सैन्यात भरती झाला आणि खडकीच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमध्ये आला. तिथं प्रशिक्षक कुद्रत अली यांच्या नजरेत त्याची उंची आणि बांधा भरला. सुरुवातीला पाण्याची भीती वाटायची हे त्यानं स्वतःच सांगितलेलं आहे. तरीही 2015 मध्ये तो आशियाई रोइंग अजिंक्यपद स्पर्धेत सिंगल स्कल्सचं, म्हणजे एकट्यानं वल्हवायच्या होडीचं, रौप्य घेऊन आला. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून पाणी भरलेली रेल्वे लातूरला पोहोचत होती, आणि त्याच महिन्यात दक्षिण कोरियातल्या चुंगजूला दत्तू रिओ ऑलिंपिकसाठी पात्र ठरत होता. रिओत तो तेरावा आला; शेवटच्या शर्यतीची वेळ 6 मिनिटं 54.96 सेकंद. 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत स्वर्ण सिंग, ओमप्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्यासोबत त्यानं क्वाड्रुपल स्कल्सचं, म्हणजे चौघांच्या होडीचं, सुवर्ण जिंकलं.

एकविसाव्या वर्षापर्यंत ज्यानं वल्हं हातात धरलं नव्हतं, तो चार वर्षांत ऑलिंपिकच्या पाण्यावर होता. बॅडमिंटन किंवा जिम्नॅस्टिक्समध्ये हे होणं जवळजवळ अशक्य. तिथं लहान वयात सुरुवात झाली नाही तर दार बहुधा बंद होतं. रोइंगचं दार उशिरापर्यंत उघडं असतं, कारण यात कौशल्याइतकाच, किंबहुना जास्तच, वाटा शरीराच्या मापाचा आणि हृदय-फुप्फुसांच्या क्षमतेचा असतो. जर्मनीचा ऑलिव्हर झाइडलर वीस वर्षांचा होईपर्यंत स्पर्धात्मक पोहत होता. 2016 मध्ये तो रोइंगकडे वळला आणि 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये सिंगल स्कल्सचं सुवर्ण घेऊन गेला. त्याची उंची दोन मीटरच्या वर आहे.

दत्तूचं उदाहरण अपवाद म्हणून बाजूला ठेवायचं कारण नाही. एकट्यानं होडी वल्हवणाऱ्या भारतीयांची नावं काढून बघा. 2010 मध्ये ग्वांगझूला रोइंगमधलं भारताचं पहिलं आशियाई सुवर्ण जिंकणारा बजरंगलाल ताखर राजस्थानातल्या सीकरचा. लंडन ऑलिंपिकला गेलेला स्वर्ण सिंग पंजाबातल्या मानसा जिल्ह्याचा. पॅरिसला गेलेला बलराज पंवार हरियाणातल्या कर्नालचा. केरळात कुट्टनाडच्या सर्पनौका आहेत, अलप्पुळाला भारतीय क्रीडा प्राधिकरणाचं केंद्र आहे, तिथूनही चांगले खेळाडू आले. पण या यादीत खाडी-किनाऱ्यापेक्षा कोरडवाहू मुलूख जास्त दिसतो. आपल्या कोकणालाही एवढ्या खाड्या असून दत्तू मिळाला नाही, तो चांदवडला मिळाला. म्हणजे पाण्याजवळ जन्मणं ही या खेळाची पात्रता नाही. या सगळ्यांना जोडणारी गोष्ट एकच, ती म्हणजे सैन्याची वर्दी.

सैन्य ही आपल्या ग्रामीण भागातली सर्वांत मोठी, आणि बहुधा न ठरवता तयार झालेली, प्रतिभाशोध यंत्रणा आहे. बीडच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे सैन्यात गेल्यावर स्पर्धेत धावू लागला आणि स्टीपलचेसमध्ये आशियाई सुवर्णापर्यंत पोहोचला. सैन्यात हजारो तरुण एका मैदानात येतात, त्यांची उंची-वजन मोजलेलं असतं, त्यांना पगार आणि पोटभर जेवण असतं, आणि पुण्यात दापोडीच्या कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंगच्या आवारात शर्यतीचा सरळ जलमार्ग आणि आर्मी रोइंग नोड आहे. निवड, पोषण, पाणी आणि प्रशिक्षक हे चारही एकाच दारात. मात्र हा रस्ता भरतीत उत्तीर्ण झालेल्यांचा आणि मुख्यतः मुलग्यांचा आहे. भरतीत दोन सेकंदांनी हुकलेला आणि भरतीला कधी न गेलेला, हे दोघंही या यंत्रणेला दिसत नाहीत.

आता कसोटीकडे येऊ. ऑलिंपिकची शर्यत गेली काही दशकं 2000 मीटरची. सहा ते आठ मिनिटांचा सलग जोर, त्यात लागणाऱ्या ऊर्जेचा सुमारे तीन चतुर्थांश भाग प्राणवायूवर चालणारा. रोइंग हा हातांचा खेळ वाटतो, पण बैठक सरकती असते आणि जोराचा मोठा वाटा पायांचा असतो. लांब पाय, लांब हात आणि उंच धड असेल तर प्रत्येक फटक्यात वल्हं पाण्यातून जास्त अंतर ओढलं जातं. पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, त्यामुळे वेग पाच टक्क्यांनी वाढवायचा तर सोळा टक्क्यांच्या आसपास जास्त ताकद लागते. उलट शरीराचं वजन होडी पेलत असते, खेळाडूला ते स्वतः वाहावं लागत नाही. जे वजन धावपटूला भारी पडतं, ते स्नायूंचं असेल तर रोइंगपटूच्या कामाचं.

या शेवटच्या मुद्द्यापाशी आपल्या सगळ्या शालेय चाचण्या अडखळतात. राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीत प्रवेश देण्यासाठी साधारण आठ ते चौदा वयाच्या मुलांची जी ‘बॅटरी ऑफ टेस्ट’ घेतात, तिच्यात उंची, वजन, 30 मीटर धावणं, सहा गुणिले दहा मीटरची शटल रन, जागेवरून लांब उडी, उभी उडी, मेडिसिन बॉल फेक, पुढं वाकून लवचिकता आणि 800 मीटर धावणं असतं. चाचण्या वाईट नाहीत. पण त्या वेग, उसळी आणि चपळाई निवडतात. दम पाहणारी एकटी 800 मीटर, आणि तीही धावून, म्हणजे हलक्या शरीराला झुकतं माप देणारी. खो-खोसाठी, कबड्डीसाठी, धावण्यासाठी ही चाळणी ठीक आहे. तेरा वर्षांचा, लांब हातापायांचा, शटल रनमध्ये वळताना धडपडणारा मुलगा मात्र या चाळणीतून पहिल्याच फेरीत खाली पडतो. नेमका तोच कदाचित आपल्याला हवा असतो. धाराशिवच्या बाबतीत हे जास्त लागू आहे, कारण तिथल्या क्रीडाशिक्षकाची नजर खो-खोनं घडवलेली आहे. खुंटापाशी झपकन वळणारं, पटकन खाली बसणारं शरीर ती चटकन ओळखते. उंच मुलगी दिसली तर फार तर व्हॉलीबॉलकडे पाठवते.

रोइंगसाठी वेगळं काय मोजायचं? महागडं काही नाही. उंची, बसलेली उंची, दोन्ही हात पसरल्यावर मधल्या बोटाच्या टोकापासून टोकापर्यंतचं अंतर, वजन आणि आई-वडिलांची उंची. चांगल्या रोइंगपटूंच्या हातांचा पसारा बहुधा उंचीपेक्षा काही सेंटिमीटर जास्त भरतो. वाढत्या मुलाची अंतिम उंची ढोबळमानानं सांगायची तर आई-वडिलांच्या उंचीची बेरीज करून त्यात 13 सेंटिमीटर मिळवायचे आणि दोनानं भागायचं. मुलीसाठी 13 वजा करायचे. हा अंदाज आठ-दहा सेंटिमीटरनंही चुकू शकतो, पण काही नसण्यापेक्षा बरा. त्यानंतर येतं अर्गोमीटर, म्हणजे जमिनीवर बसवलेलं रोइंगचं यंत्र. कॉन्सेप्ट टू या अमेरिकी कंपनीच्या यंत्रावर जगभर एकाच मापानं चाचणी होते, त्यामुळे धाराशिवच्या मुलाची वेळ लंडनच्या मुलाशी ताडून बघता येते. पूर्ण वाढीचा, वजनी गटाची मर्यादा नसलेला आंतरराष्ट्रीय पुरुष खेळाडू यंत्रावरचे 2000 मीटर सहा मिनिटांच्या आत संपवतो. नवख्याकडून ती अपेक्षा नको. त्याची पहिली वेळ किती यापेक्षा दोन-तीन महिन्यांच्या सरावानंतर ती किती सुधारली, हे पाहावं. शिकण्याचा वेग हीच खरी चाचणी.

वयाचा घोळ सर्वांत मोठा. मुलग्यांची उंची साधारण चौदाच्या आसपास झपाट्यानं वाढते, मुलींची बाराच्या. पण कुणाची दोन वर्षं आधी, कुणाची दोन वर्षं नंतर. तेरा वर्षांच्या मुलांची रांग लावून सर्वांत उंच निवडले, तर आपण लवकर वयात आलेले निवडतो, पुढे उंच होणारे निवडत नाही. लष्कराच्या बॉइज स्पोर्ट्स कंपन्या लहान वयातच मुलं घेतात. कुस्ती किंवा डायव्हिंगला ते शोभतं. रोइंगसाठी पंधरा ते एकवीस हा पट्टा मला जास्त रास्त वाटतो.

जगात हे करून पाहिलेलं आहे. पूर्व जर्मनीनं शाळाशाळांतून मापं घेऊन मुलं उचलली आणि पदकांचा ढीग लावला. त्या यशाला सरकारी उत्तेजक औषधांचा डाग आहे, त्यामुळे त्यावर फार बोलण्यात अर्थ नाही. ऑस्ट्रेलियानं 1980 च्या दशकाच्या अखेरीस कॅनबेराच्या शाळांमधून मुलींची चाचणी घेतली. तिच्यातून पुढे आलेली मेगन स्टिल 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये केट स्लॅटरबरोबर सुवर्ण जिंकून गेली. ब्रिटननं 2007 मध्ये ‘स्पोर्टिंग जायंट्स’ नावाचं खुलं आवाहन केलं: वय 16 ते 25, पुरुषांची उंची किमान 190 सेंटिमीटर, स्त्रियांची 180; आधीचा अनुभव नको. हेलन ग्लोव्हर तिथं आली. तिची उंची 180 ला किंचित कमी होती, मोजताना ती टाचा उचलून उभी राहिली. 2008 मध्ये तिनं वल्हं धरलं, 2012 मध्ये लंडनला हेदर स्टॅनिंगबरोबर यजमानांचं त्या ऑलिंपिकमधलं पहिलं सुवर्ण जिंकलं, 2016 मध्ये पुन्हा जिंकलं. मोजपट्टी हवीच, पण तिच्या रेघेपाशी थोडं सैल राहणारा माणूसही हवा.

आपल्याकडचा एक प्रयोग इशारा म्हणून लक्षात ठेवावा. 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात क्रीडा प्राधिकरणानं गुजरात-कर्नाटकातल्या सिद्दी समाजाची मुलं निवडली, पूर्वज आफ्रिकेतले म्हणून धावतील या भरवशावर. काही मुलं चमकली, पण काही वर्षांतच ती योजना गुंडाळली गेली आणि मुलं घरी परतली. समाजावरून किंवा जातीवरून प्रतिभा ठरवू नये. ‘ऊसतोड कामगारांची मुलं दणकट असतात’ असली वाक्यंही त्याच पठडीतली; प्रत्येक मूल स्वतंत्रपणे मोजावं. आणि निवडलेल्या मुलाला दहा वर्षं सांभाळायची तयारी नसेल तर निवडूच नये.

धाराशिवमध्ये अशी मुलं किती असतील? एक ढोबळ हिशोब मांडून पाहतो. 2011 च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या 16 लाख 57 हजार होती. सतरा ते एकवीस वयाचे मुलगे सुमारे 80 हजार धरू. पुरुषांची सरासरी उंची 165-166 सेंटिमीटर आणि नेहमीचे चढउतार धरले, तर 185 च्या वरचे साधारण पाचशे-साडेपाचशेत एक निघतात. म्हणजे दीडशेच्या घरात. लहानपणीच्या कुपोषणामुळे आकडा निम्मा करा, तरी सत्तर-पंचाहत्तर उरतात. त्यांतल्या किती जणांचा दम मोठा असेल आणि किती जणांची पहाटे चारला उठायची तयारी असेल? पाच, सहा. एका जिल्ह्यासाठी हे थोडे नव्हेत. पण हे सत्तर जण आत्ता कुठल्याही क्रीडा कार्यालयाच्या कागदावर नाहीत.

एका कागदावर मात्र त्यांतले बरेचसे असतात. पोलीस भरती. मराठवाड्यात पहाटे कुठल्याही डांबरी रस्त्यावर पळणारी पोरं दिसतात, ती याचीच तयारी करत असतात. भरतीच्या मैदानावर उंची मोजतात, छाती मोजतात, मुलग्यांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर पळवतात, गोळा फेकायला लावतात. रोइंगसाठी लागणाऱ्या पहिल्या चाळणीची निम्मी मापं सरकारी खर्चानं दरवेळी घेतली जातात आणि निकालानंतर विसरली जातात. त्या मैदानावर मला पहिला आलेला मुलगा नको. 188 सेंटिमीटर उंच, 82 किलो वजनाचा, 1600 मीटरमध्ये मध्येच कुठेतरी आलेला, पण गोळा लांब टाकणारा मुलगा हवा. पोलीस खात्याला तो चालणार नाही कदाचित. अर्गोमीटरवर त्याचं वजन त्याच्या विरोधात जाणार नाही.

मुलींबाबत चित्र जास्त मोकळं आहे. 2024 पर्यंत ऑलिंपिकला गेलेले भारतीय रोइंगपटू सगळे पुरुष. 2010 च्या आशियाई स्पर्धेत ओडिशाच्या प्रतिमा पुहाना आणि प्रमिला प्रवा मिंझ यांनी दोघींच्या होडीत कांस्य जिंकलं होतं, म्हणजे वाट नाही असं नाही. 175 सेंटिमीटरची मुलगी आपल्याकडे वाकून चालायला शिकते; लग्नाच्या बाजारात उंची ही अडचण मानली जाते. तिला हीच उंची कामाची आहे असं सांगणारा एकच माणूस शाळेत असला तरी खूप होईल. आणि खो-खोच्या मुलींनाही या खेळात जागा आहे. आठ जणांच्या होडीत सुकाणू धरणारी नववी व्यक्ती असते, कॉक्स. ती हलकी हवी, किमान 55 किलोची अट, खणखणीत आवाज, क्षणात निर्णय घेणारं डोकं. 2017 पासून पुरुषांच्या होडीतही स्त्री कॉक्स चालते. हे वर्णन वाचून धाराशिवच्या कुठल्याही खो-खो प्रशिक्षकाला चार नावं सहज आठवतील.

पाण्याचं काय? परंड्याजवळ सीना-कोळेगाव आहे, लोहारा तालुक्यात माकणीचं निम्न तेरणा आहे, कळंबच्या हद्दीला मांजरा धरणाचं पाणी येतं. चांगल्या पावसाच्या वर्षी तिथं होडी चालवता येईल. पण 2016 चा उन्हाळा आठवावा, मांजरा कोरडं पडलं म्हणून तर लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. सरळ, संथ, दोन किलोमीटरचा पट्टा वर्षभर टिकणार नाही, आणि पाणी आटल्यावर काही लाखांची होडी शेडमध्ये पडून राहील. धाराशिवमध्ये बोट क्लब काढण्याच्या मी विरोधात आहे. उद्घाटनाचा फोटो छान येईल, बाकी काही नाही. जिल्ह्यानं मोजमाप करावं, चार अर्गोमीटर घ्यावेत, सहा महिने जमिनीवर तयार करावं आणि निवडक मुलं पाण्याकडे पाठवावीत. पुणे अडीचशे किलोमीटरच्या आसपास आहे. राज्य सरकारच्या ‘मिशन लक्ष्यवेध’च्या बारा खेळांत रोइंग आहेच, आणि केंद्राची ‘कीर्ती’ योजना 2024 पासून 9 ते 18 वयातली मुलं शोधते आहे. जिल्ह्यानं नेमकी नावं पुढं केली तर या दारांवर थाप मारता येईल.

यात एक धोका आहे. निवड झाली म्हणजे काम झालं असं मानण्याचा. जकार्तात आजारी असताना सिंगल स्कल्सच्या शर्यतीत मध्येच थांबला म्हणून 2019 मध्ये रोइंग महासंघानं दत्तूवर दोन वर्षांची बंदी घातली. ती जानेवारी 2020 मध्ये उठली. ऑलिंपिकपर्यंत गेलेल्या खेळाडूचीही ही तऱ्हा. उमरग्याच्या मुलाला पुण्यात दिवसाला चार-साडेचार हजार कॅलरींचं जेवण, फिजिओ आणि पुढच्या नोकरीची शाश्वती नसेल तर तो दुसऱ्या पावसाळ्यात घरी परतेल, आणि त्यात त्याची चूक नसेल. सारिका काळे पुढे तुळजापूरला तालुका क्रीडा अधिकारी झाली. खेळातून पगार येतो हे डोळ्यांनी दिसल्यावरच पालक मुलीला वसतिगृहात पाठवतात.

खेळही बदलतो आहे. हलक्या वजनाचा गट पॅरिसनंतर ऑलिंपिकमधून गेला. टोकियोत अकरावे आलेले आणि 2023 मध्ये हांगझूला रौप्य जिंकलेले अर्जुनलाल जाट आणि अरविंद सिंग याच गटातले. आपल्या मध्यम चणीच्या मुलांची ती हक्काची जागा होती. म्हणजे उंचीचा शोध आता जास्त निकडीचा झाला. 2028 ला लॉस एंजेलिसमध्ये शर्यत 1500 मीटरची असेल आणि किनाऱ्यावरच्या बीच स्प्रिंटचा नवा प्रकार येईल. त्यात पळत जाऊन होडीत उडी मारायची असते, म्हणजे चपळाईलाही थोडा भाव आला.

जिल्हा क्रीडा कार्यालयाला आणि जिल्ह्यातल्या क्रीडाशिक्षकांना विनंती एवढीच: पुढच्या भरतीच्या वेळी मैदानाच्या कडेला एक टेबल मांडा, टेप ठेवा, एक अर्गोमीटर ठेवा. जे बाद होऊन परत निघालेत त्यांतल्या उंच मुला-मुलींना थांबवा, त्यांच्या परवानगीनं हातांचा पसारा मोजा, फोन नंबर लिहून घ्या. आणि त्या आठवड्यातच फोन करा.